आप्पांच्या घोट्यातला तिरका स्क्रू

"डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझे वडील, आप्पा, वय ५८, केळीची शेती करतात. शुगरचा त्रास बरीच वर्षं आहे. जुलैच्या शेवटी बागेत ठिबकची नळी सरळ करताना त्यांचा उजवा पाय चिखलात रुतला, ते तसेच वळले आणि पडले. घोटा दोन्ही बाजूंनी मोडला. सूज उतरेपर्यंत आठवडाभर थांबून जळगावला ऑपरेशन झालं. बाहेरच्या बाजूला प्लेट, आतल्या बाजूला दोन स्क्रू. आता दहा आठवडे झाले. वॉकर घेऊन थोडं थोडं वजन टाकतात.

गेल्या आठवड्यात एक्स-रे काढला. आमचे एक नातेवाईक एक्स-रे सेंटरवर कामाला आहेत. त्यांनी फोटो पाहून सांगितलं की एक स्क्रू वाकडा गेलाय, बाहेरच्या हाडातून थेट नडगीच्या हाडात घुसलाय, आणि ढिलाही झालाय. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आप्पा उठता-बसता म्हणतात, 'हाऊ स्क्रू वाकडा शे, काढी टाका.' तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, हा स्क्रू तीन महिन्यांत काढतातच, नाहीतर तुटतो. ऑपरेशन केलेले डॉक्टर म्हणतात, राहू द्या. आम्ही कोणाचं ऐकायचं? चूक झाली असेल तर तक्रार करावी का? आणि कांदेबागेची, म्हणजे केळीची ऑक्टोबरातली लागवड तोंडावर आलीये. आप्पा शेतात कधी जाऊ शकतील?"

ताई, तुम्ही पाठवलेले सगळे फोटो नीट पाहिले. आधी तुमच्या घरची झोप उडवणाऱ्या गोष्टीबद्दल सांगतो. तो स्क्रू चुकून दुसऱ्या हाडात घुसलेला नाही, त्याला तिथेच जायचं होतं. बाहेरचं बारीक हाड आणि नडगीचं हाड यांना एकमेकांजवळ धरून ठेवायलाच तो टाकलेला आहे, आणि तिरका दिसतो कारण तसाच टाकायचा असतो. मोबाइलवरच्या फोटोवरून आप्पांच्या पायाचा शेवटचा निकाल मी देणार नाही, तो पाय हातात घेऊन तपासणाऱ्यानेच द्यावा. पण स्क्रू दोन हाडांतून गेला एवढ्यावरून चूक झाली असं ठरवू नका. विचारायचा प्रश्न दुसराच आहे, त्यावर पुढे सविस्तर लिहितो.

आता एक करा. खाली बसून स्वतःच्या उजव्या घोट्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर अंगठा ठेवा आणि आतल्या उंचवट्यावर तर्जनी. वरून पाहा. दोन्ही बोटं समोरासमोर येत नाहीत. अंगठा थोडा मागे असतो आणि थोडा खालीही. म्हणजे बाहेरचं बारीक हाड नडगीच्या हाडाच्या अगदी बाजूला नसून जरा मागच्या अंगाला बसलेलं असतं. बाहेरून स्क्रू सरळ आडवा मारला तर तो नडगीच्या हाडाच्या मध्यातून न जाता मागच्या कडेला जाईल, कदाचित हाड चुकवूनच जाईल. म्हणून तो मागून पुढे, साधारण २० ते ३० अंश तिरका टाकतात. समोरून काढलेल्या एक्स-रेत तो सांध्याच्या रेषेला समांतर दिसायला हवा, आणि तुमच्या फोटोत तसा दिसतो. बाजूच्या एक्स-रेत मात्र प्लेटचे बाकीचे स्क्रू टोकाकडून दिसतात, म्हणून नुसते ठिपके वाटतात, आणि हा एकटा पुढे तोंड करून आडवा पडलेला. तुमच्या नातेवाइकांचा गैरसमज याच फोटोवरून झाला असावा. त्यांना दोष देऊ नका, ज्याने या हाडांचं काम केलेलं नाही त्याला हा स्क्रू रांग सोडून गेल्यासारखाच दिसणार.

त्याची उंचीही पाहिली. सांध्याच्या रेषेपासून साधारण दोन ते चार सेंटिमीटर वर असा स्क्रू टाकण्याची पद्धत आहे. फार खाली टाकला तर दोन हाडं जिथे एकमेकांना टेकतात त्या नाजूक जागेतूनच तो जातो. फार वर टाकला तर आवळताना बारीक हाड वाकून त्याचं खालचं टोक बाहेर फेकलं जाण्याची भीती असते. आप्पांचा स्क्रू मला योग्य पट्ट्यात वाटतो.

पण मुळात दोन हाडं एकत्र बांधायची वेळच का आली? सुतार चौकटीत खाच करून दुसरं लाकूड घट्ट बसवतो, तसा घोट्याचा सांधा आहे. वरून नडगीच्या हाडाचं छत, आतून त्याच हाडाचा उंचवटा, बाहेरून बारीक हाडाचं टोक, अशी तीन बाजूंची खाच, आणि तिच्यात पावलाचं वरचं हाड बसलेलं. ही खाच टिकते ती हाडांपेक्षा त्यांना बांधणाऱ्या दोऱ्यांवर, म्हणजे लिगामेंटवर. नडगी आणि बारीक हाड खाली जिथे बांधलेली असतात त्या जोडाला आम्ही सिंडेस्मोसिस म्हणतो. समोर एक दोरी, मागे एक, मध्ये पडद्यासारखं बळकट जाळं. पाऊल वर उचललं की खाच एखाद-दीड मिलिमीटर रुंदावते, खाली केलं की आवळते. तेवढी ढील निसर्गानेच ठेवलेली आहे, कारण पावलाचं ते हाड पुढच्या बाजूला रुंद आणि मागे अरुंद असतं.

आप्पांचं नेमकं काय झालं ते तुमच्या एका वाक्यात आलेलं आहे: पाय चिखलात रुतला आणि ते तसेच वळले. खान्देशच्या काळ्या मातीचा चिखल पाऊल सोडत नाही. पाऊल जागेवर धरलेलं आणि अख्खं शरीर त्यावर फिरतंय, म्हणजे खाचेच्या आतलं हाड किल्लीसारखं फिरून बाहेरचं हाड ढकलून देतं. लौगे-हान्सन नावाच्या डॅनिश डॉक्टरांनी १९५० साली मृतदेहांच्या पायांवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाऊल कुठल्या स्थितीत होतं आणि जोर कुठल्या दिशेने लागला, यावरून आधी काय तुटणार आणि नंतर काय, याचा क्रम ठरतो. आजही घोट्याचा एक्स-रे हातात आला की आम्ही मनात तोच क्रम उलटा लावतो. आप्पांच्या पहिल्या एक्स-रेत बारीक हाड सांध्याच्या चांगलं वर, चारेक बोटं वर तुटलेलं आहे. इतक्या वर तुटतं तेव्हा तिथपर्यंतचं जाळं आणि समोरची दोरी बहुतेकदा फाटलेली असते. एक्स-रेत दोऱ्या दिसत नाहीत. त्यामुळे हाडाला प्लेट बसली, फोटो छान आला, तरी खाच ढिली राहू शकते.

म्हणून ऑपरेशनच्या टेबलावर एक परीक्षा घेतात. प्लेट बसल्यावर सर्जन बारीक हाडाला एक हुक अडकवून हलकेच बाहेर ओढतो आणि सी-आर्मच्या, म्हणजे टेबलावरच एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर पाहतो. दोन हाडांमधली फट उघडली की कळतं, दोऱ्या गेल्या आहेत. मग मोठ्या चिमट्याने दोन्ही हाडं जवळ धरून ड्रिल चालवायचं. हाडाच्या बाहेरच्या टणक कवचातून ड्रिल जात असताना आवाज जड असतो, आतल्या पोकळ भागात शिरलं की एकदम हलका होतो, पुढचं कवच लागलं की पुन्हा जड. बारीक हाडाची दोन कवचं, नडगीची दोन. काही सर्जन तीन कवचं घेऊन थांबतात, काही चारही. काही ३.५ मिलिमीटर जाडीचा स्क्रू वापरतात, काही ४.५. पुढे रुग्णाच्या चालण्यात या निवडीने फारसा फरक पडत नाही. आप्पांचा स्क्रू चारही कवचं पार करून आतल्या बाजूला जरासा डोकावतो, तोही अनेकदा हेतुपुरस्सर असतो, कारण पुढे कधी तुटला तर आतल्या बाजूने ते टोक पकडून काढता येतं. आणखी एक फरक लक्षात घ्या. घोट्याच्या आतल्या बाजूचे दोन स्क्रू तुटलेले तुकडे एकमेकांवर दाबून बसवतात. हा लांब स्क्रू मात्र दाबण्यासाठी नसतो. दोऱ्या भरून येईपर्यंत दोन हाडांमधलं अंतर आहे तसं राखणं एवढंच त्याचं काम.

आता खरा प्रश्न, जो तुम्हाला कोणी सांगितलेला दिसत नाही. स्क्रू सरळ आहे का, याला महत्त्व कमी. स्क्रू टाकला त्या क्षणी बारीक हाड आपल्या जागी होतं का, आणि खाच पूर्ववत झाली का, याला सगळं महत्त्व. देखणा, सुरेख समांतर स्क्रू चुकीच्या जागी बसलेल्या हाडाला चुकीच्याच जागी पक्का करतो. चिमटा जरा मागे-पुढे लागला किंवा ड्रिलची दिशा चुकली तर बारीक हाड नडगीच्या हाडावरच्या आपल्या खोबणीतून पुढे, मागे सरकू शकतं किंवा स्वतःभोवती फिरू शकतं, आणि साध्या एक्स-रेत ते सहज लपतं. १९७६ साली रॅम्से आणि हॅमिल्टन यांनी मृतदेहांच्या घोट्यांवर मोजून दाखवलं की पावलाचं हाड खाचेत फक्त १ मिलिमीटर बाहेर सरकलं तरी सांध्यातली टेकण्याची जागा ४२ टक्क्यांनी कमी होते. तेवढंच वजन लहान जागेवर येतं, तिथली कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण, झिजते आणि काही वर्षांनी सांधा दुखायला लागतो. एक मिलिमीटर म्हणजे किती थोडं! हा आकडा मी ऑपरेशनआधी प्रत्येक नातेवाइकाला सांगतो. "हाड जुळलं ना, मग झालं" हे घोट्याच्या बाबतीत पुरत नाही.

म्हणून पुढच्या भेटीत ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना शांतपणे विचारा: "डॉक्टरसाहेब, घोट्याची खाच पूर्ण जुळली आहे का, आणि ते कुठल्या फोटोवरून दिसतं?" हा प्रश्न ऐकून कोणताही चांगला डॉक्टर फोटो प्रकाशावर लावून दाखवेल. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत समोरचा आणि बाजूचा असे दोनच कोन आहेत. तिसरा लागतो, पाय १५ ते २० अंश आत वळवून काढलेला, ज्यात खाच तिन्ही बाजूंनी मोकळी दिसते. त्यात पावलाच्या हाडाभोवतीची काळी फट वर, आत आणि बाहेर सारखी असायला हवी. आतल्या बाजूची फट ४ मिलिमीटरच्या वर गेली किंवा वरच्या फटीपेक्षा स्पष्ट मोठी दिसली, तर हाड सरकल्याची शंका घ्यायची. सांध्याच्या एक सेंटिमीटर वर नडगी आणि बारीक हाड यांच्यातली फट ६ मिलिमीटरच्या आत असावी. आप्पा आता वजन टाकतायत, तर डॉक्टरांची परवानगी असल्यास हे फोटो उभं करून काढले तर जास्त खरं चित्र मिळतं. आणि फोटो म्हणजे फिल्म किंवा सीडी. फिल्मचा तिरपा धरून काढलेला मोबाइल फोटो मापं बिघडवतो, त्यावरून मिलिमीटरचं काही ठरवू नये.

तिसऱ्या कोनातही शंका उरली, किंवा आप्पांना वजन टाकताना घोट्याच्या समोर खोलवर दुखत असेल, तर सीटी स्कॅन करावा, आणि दोन्ही घोट्यांचा एकत्र करावा. प्रत्येक माणसाची खोबण वेगळी असते, त्यामुळे आप्पांच्या मोडलेल्या घोट्याची तुलना त्यांच्याच चांगल्या घोट्याशी करायची. जळगाव-धुळ्याला सीटीची सोय आहे. उगाच खर्च करा असं मी म्हणणार नाही. तिसरा कोन स्वच्छ असेल आणि दुखणं दिवसागणिक कमी होत असेल तर सीटीची गरज नाही.

आतल्या दोन स्क्रूंबद्दल थोडक्यात. तुकड्याच्या रेषेला काटकोनात आहेत, लांबी बेताची आहे, टोकं सांध्यापासून लांब आहेत. छान बसले आहेत. प्लेटच्या सर्वांत खालच्या भोकांतले स्क्रू आखूड दिसतात, तेही बरोबर, कारण तिथे पलीकडे लगेच सांधा आहे आणि टोक आत जाऊन चालत नाही.

काढायचा की ठेवायचा, यावर दोन डॉक्टरांनी दोन सल्ले दिले म्हणून एक खोटा आणि एक खरा असं समजू नका. आम्ही शिकत होतो तेव्हा हा स्क्रू ८ ते १२ आठवड्यांत काढायचा, हाच नियम होता. तर्क सरळ होता: खाच पावलाबरोबर उघड-मिट होते, स्क्रू तिला अडवतो, मग स्क्रू ढिला होईल किंवा तुटेल, म्हणून आधीच काढा. तालुक्याच्या डॉक्टरांचा सल्ला तिथून आलेला आहे आणि तो प्रामाणिक आहे. नंतर स्क्रू ठेवलेल्या आणि काढलेल्या रुग्णांची तुलना होत गेली, आणि दिसलं की ठेवला म्हणून चालणं बिघडत नाही. स्क्रू ढिला झालेल्या किंवा तुटलेल्या रुग्णांचा घोटाही बाकीच्यांइतकाच चांगला चालतो, काही अभ्यासांत तर थोडा अधिकच मोकळा. तोपर्यंत दोऱ्या भरून आलेल्या असतात आणि स्क्रूने पकड सोडल्यामुळे दोन हाडांना त्यांची नैसर्गिक हालचाल परत मिळते. फोटोत नडगीच्या हाडात स्क्रूच्या कडेने जी बारीक काळी रेघ दिसते, तिलाच तुमचे नातेवाईक 'ढिला' म्हणाले. दहा आठवड्यांनी, वजन टाकायला लागल्यावर, ती दिसणं अपेक्षित आहे. खाच जुळलेली असेल तर त्या रेघेने घाबरू नका. पुढे स्क्रू तुटला तरी तो हाडाच्या आतच राहतो, रक्तातून कुठे फिरत जात नाही. गावात ही भीती बऱ्याच जणांना असते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

काढण्याची कारणंही आहेत. स्क्रूचं डोकं बुटाला घासून दुखत असेल, पाऊल वर उचलणं अडलेलं असेल, जंतुसंसर्ग झाला असेल, किंवा सीटीवर हाड चुकीच्या जागी धरलेलं दिसलं असेल, तर काढावा. शेवटच्या बाबतीत काही रुग्णांत नुसता स्क्रू काढल्यावरच बारीक हाड आपल्या खोबणीत परत येतं. यातलं काही नसेल तर आप्पांच्या बाबतीत माझं मत ठेवण्याच्या बाजूने आहे, आणि त्याचं मोठं कारण त्यांची शुगर. काढणं छोटं ऑपरेशन असलं तरी चिरा पुन्हा त्याच कातडीवर पडतो. घोट्यावर मांस नसतं, कातडीखाली लगेच हाड आणि धातू. शुगरच्या माणसाची जखम तिथे चिघळली तर स्क्रूचं दुखणं बाजूला राहतं आणि पाय वाचवायची वेळ येते. "घेतला काढून, मनाची शांती झाली" यासाठी ती जोखीम घेऊ नका.

शुगरबद्दल तुम्ही पत्रात एकच वाक्य लिहिलंय, मला मात्र या सगळ्यात तीच जास्त काळजीची वाटते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी या आठवड्यात करून घ्या. ती ८ च्या वर असेल तर जखमेचा आणि हाड न जुळण्याचा धोका वाढतो, आणि फिजिशियनकडे जाणं हाडाच्या डॉक्टरांकडे जाण्याइतकंच गरजेचं आहे. दुसरं, आप्पांच्या तळपायाची संवेदना तपासून घ्या. नायलॉनच्या बारीक धाग्याने पाच मिनिटांत होते. संवेदना कमी असेल तर दुखणं त्यांना वेळेवर कळणार नाही. दुखत नाही म्हणून ते वजन टाकत राहतील आणि आत हाडं सरकत राहतील. अशा रुग्णांना आम्ही वजन टाकायला इतरांपेक्षा जवळपास दुप्पट वेळ थांबवतो. आणि तंबाखू किंवा बिडी असेल तर ती आजच बंद. हाड भरायला रक्त लागतं आणि तंबाखू त्याच नळ्या आवळते. हे सांगताना मला कुठलाही आडपडदा ठेवावासा वाटत नाही, कारण तंबाखू न सुटल्याने जुळत आलेली हाडं रेंगाळताना मी पाहत आलो आहे.

आणि ताई, हाडवैद्याकडून पाय चोळून घ्यायला कोणी सुचवलं तर नको म्हणा. मोच उतरवण्याच्या त्यांच्या हातगुणाबद्दल गावात श्रद्धा असते, ते मला माहीत आहे. पण इथे आत धातू आहे, नवी कातडी आहे आणि शुगर आहे. गरम तेलाने भाजलेलं शुगरच्या माणसाला कळतही नाही.

तक्रारीबद्दल. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत मला तक्रारीसारखं काही दिसत नाही. पण तुम्हाला माहिती मिळाली नाही, आणि ती मिळायला हवी होती. ऑपरेशननंतर दोन मिनिटं काढून "हा लांब स्क्रू दोन हाडं बांधायला आहे" एवढं कोणी सांगितलं असतं तर तुमच्या घरात हे महाभारत झालं नसतं. कागद मागून घ्या: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, ऑपरेशनच्या वेळचे सी-आर्मचे फोटो, आणि प्लेट-स्क्रूच्या पाकिटावरची लेबलं. स्टील आहे की टायटॅनियम, हे पुढे एमआरआय काढायची वेळ आली तर लागतं. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि डॉक्टरांनी त्या तीन वर्षं जपून ठेवायच्या असतात. हे भांडायला सांगत नाही. कागद हातात असले की दुसरा सल्ला घेणंही सोपं होतं. ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झालं असेल तर पुढच्या तपासण्यांचं काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

राहिली कांदेबाग. ऑक्टोबरची लागवड या वर्षी आप्पांच्या हातून होणार नाही, हे त्यांना आत्ताच सांगून टाका. उद्या-परवा करत ठेवलं तर एक दिवस ते कोणाला न सांगता बागेत जातील. नुकत्याच भिजवलेल्या बागेत, नळ्या आणि सरींच्या मध्ये, ज्या हालचालीने घोटा मोडला तीच हालचाल पावलोपावली होते. घरात आणि अंगणातल्या सपाट जागेवर वॉकरऐवजी काठीवर येणं हा पुढचा टप्पा. काठी डाव्या हातात धरायची, मोडलेल्या पायाच्या बाजूला नाही. बहुतेक जण उलटी धरतात. मग सपाट डांबरी रस्ता, मग बांधाची कोरडी वाट, आणि बागेतला ओला चिखल सगळ्यात शेवटी. आप्पांची शुगर धरता मी जानेवारीच्या आधी चिखलाचं नाव काढणार नाही. तोवर लागवडीचा हिशेब, मजूर, रोपं, खताचे डोस हे सगळं त्यांनी बसून सांभाळावं. बागायतदाराला रिकामं बसवलं तर तो जास्त खचतो.

मोटरसायकल आणखी वेगळी. उजवा पाय म्हणजे ब्रेकचा पाय. उजव्या घोट्याचं ऑपरेशन झालेल्या लोकांना गाडीच्या सिम्युलेटरवर बसवून पाहिलं तेव्हा ब्रेक दाबण्याचा वेग पूर्ववत व्हायला साधारण ९ आठवडे लागले. ते चारचाकीचं, आणि सगळ्यांची सरासरी. आप्पांनी आधाराशिवाय उजव्या टाचेवरून पंजावर उभं राहून दाखवलं, तरच गाडीची किल्ली द्या.

व्यायाम मात्र आजपासून हवा. पाय पसरून बसायचं, पावलाच्या चवड्यामागून टॉवेल घालून दोन्ही टोकं हळूहळू स्वतःकडे ओढायची, तीसेक सेकंद धरून ठेवायचं, सोडायचं. दिवसातून तीन-चार वेळा. पाऊल वर येणं हीच आपल्याकडच्या माणसाची खरी गरज, कारण उकिडवं बसायला ते लागतं. संडासला, बागेत तण काढायला, सगळीकडे. उकिडवं बसण्याची घाई करू नका. सहा महिन्यांपर्यंत खुर्चीचा कमोड वापरा. पाऊल किती वर येतं ते दर पंधरवड्याला भिंतीसमोर उभं राहून पाहा: भिंतीपासून पाऊल थोडं दूर, टाच जमिनीला टेकलेली, आणि गुडघा भिंतीला लागतो का. चांगल्या पायाने जेवढ्या अंतरावरून लागतो त्याच्या जवळ मोडलेला पाय पोचायला हवा. तीन महिने नेटाने केल्यावरही तो अडूनच राहिला तर लांब स्क्रूचा विचार पुन्हा करायचा.

संध्याकाळी घोटा सुजणं वर्षभरही राहू शकतं. दिवसभर पाय खाली लोंबता राहिला की सूज येते, उशीवर उंच ठेवला की उतरते. ती सूज ठीक. पण टाक्यांच्या जागी लाली, पाणी किंवा पू, तापासह ठणका, पोटरीत अचानक दुखून ती टणक होणं, किंवा घोटा गरम, लाल, फुगलेला आणि तरीही न दुखणारा, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जळगावला घेऊन जा. पोटरी दुखण्याबरोबर दम लागत असेल तर जे जवळचं रुग्णालय असेल तिथे, रात्र असली तरी.